आठशे अडतीस केल्विन

मंगळवार, संध्याकाळचे सात. मिडल्सब्रो.
रात्रवर्गाची खोली, रेडिएटर नावापुरता.
मुरगळलेल्या घोट्याला लावतात ती थंड पिशवी
मी टेबलावर ठेवते आणि वर एक बुक्की मारते.
आतली पुडी फुटते, क्षार पाण्यात उतरतो,
पिशवी या हातातून त्या हातात.
शनीस किंचाळते, मेले, बर्फ!

बघा, ही तुमच्याच तळव्यातली ऊब उसनी घेते आहे,
आणि तरी कुणी न सांगता घडते आहे.
पाणी उताराला लागलं तर कुणी विचारत नाही.
हे चढणीला लागलंय.
चढवतो कोण? पसारा.
रांगेत बसवलेले कण पाण्यात मोकाट सुटतात
आणि त्या सुटण्याला तापमानाने गुणायचं असतं.

फळ्यावर लिहिते:
डेल्टा जी बरोबर डेल्टा एच उणे टी डेल्टा एस.
ऋण आलं, की क्रिया उत्स्फूर्त.

उत्स्फूर्त म्हणजे मला वाटायच्या टाळ्या,
भाषण संपताच, कडकडून.
अकरावीला गुर्जरबाईंनी कानातल्या कुडीला हात लावला,
म्हणाल्या, हा हिरासुद्धा उत्स्फूर्तपणे
शिसपेन्सिलीचा गाभा होतोय.
वाट बघत बसू नका, पुढचं लिहून घ्या.
आणि मुक्त ऊर्जेतलं मुक्त म्हणजे फुकट नव्हे,
हे दोनदा बजावलं होतं.
सगळ्यांची देणी भागवून हाताशी उरते, ती.

मग गणित. लोखंडाचं खनिज, कोळसा,
पलीकडे लोखंड आणि वायू.
डेल्टा एच चारशे अडुसष्ट, अधिक.
डेल्टा एस पाचशे एकोणसाठ, अधिक.
खोलीच्या तापमानाला उत्तर अधिक तीनशे एक,
म्हणजे काही घडणार नाही, घरी जा.
आता सांगा, कुठल्या तापमानाला पारडं फिरेल?

डेनिस रॅथमेल, वय एकोणसाठ, मागच्या बाकावर.
त्याच्या वहीत उत्तर शून्य पूर्णांक आठ केल्विन.
डेनिस, तू अवकाशापेक्षा थंड जागी लोखंड गाळलंस.
वर्ग हसतो. तोही.
एक किलोज्यूल आहे आणि दुसरं ज्यूल,
हजारने गुणायचं राहिलं.
खोडतो. पुन्हा मांडतो. जीभ ओठाच्या कोपऱ्यात.

आठशे अडतीस.

बराच वेळ तो आकड्याकडे बघत राहतो.
मग म्हणतो, आम्ही रेडकारला पार पंधराशे सेल्सियसला न्यायचो.
हो, पटकन व्हायला हवं ना, शिवाय वितळायलाही हवं.
ते मला ठाऊक आहे, मिस.
तीस वर्षं रंग बघून सांगायचो, धातू तयार आहे का.
पण हे कुणी सांगितलं नव्हतं,
की आम्ही तिथे उभं राहून
एक चिन्ह पालटत होतो.

मी काय बोलणार.
पुस्तकात तापमान असतं.
तापमान धरून ठेवणारी माणसं,
त्यांच्या पाळ्या, डबे, भाजलेल्या भुवया,
यांच्यासाठी अक्षर नाही.
रेबीन विचारतो, परीक्षेत हे येईल का?
येईल.

नऊला दिवे बंद करते.
टेबलावर ती पिशवी पडलेली,
आता ना थंड ना ऊन, खोलीइतकीच.
बाहेर समुद्राकडून खारट भुरभुर.
डेनिस त्याच्या व्हॅनपाशी वाकलाय,
चाकावरच्या पत्र्याला अंगठ्याचं नख लावतोय.
एक पापुद्रा निघतो, वीटकरी, कागदाहून हलका.
तो मला दाखवतो, जणू गृहपाठच.

घरी तक्त्यात बघितलं मी, म्हणतो.
उणे सातशे बेचाळीस.
आणि याला भट्टी लागत नाही.

मग किल्ली फिरवतो.
पहिल्या खेपेला इंजिन लागत नाही.
दुसऱ्याही नाही.